बारदेशाचे मीठ : एका सीमेवरच्या जकातीची कहाणी

१६७१ सालच्या डिसेंबर महिन्यात कुडाळ सुभ्याचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना शिवाजी महाराजांचे एक पत्र गेले. त्यात लढाई नाही, किल्ला नाही, फितुरी नाही. पत्राचा विषय आहे मीठ, आणि त्या मिठावर घ्यावयाची जकात.

इतिहासप्रेमी मंडळींत हे पत्र बरेच फिरते. त्याचा एकच परिच्छेद उचलून ‘स्वदेशी उद्योगाला संरक्षण’ असे शीर्षक दिले जाते आणि विषय तिथे संपतो. आजच्या धाग्यात तो तिथून सुरू करायचा आहे. कारण ज्या सीमेवर ही जकात बसली, त्याच सीमेवर पुढे दोनशे वर्षांनी इंग्रजांनी मिठाच्याच निमित्ताने एक विलक्षण करार केला, आणि ती सीमा पुसली गेली ती थेट १९६१ च्या डिसेंबरात.

प्रथम भूगोल. बारदेश म्हणजे मांडवी आणि शापोरा या दोन नद्यांमधला, समुद्राला लागून असलेला गोव्याचा तालुका. १५४३ पासून तो आणि साष्टी हे दोन महाल पोर्तुगिजांकडे होते. पेडणे, डिचोली, सत्तरी हा आज गोव्यात मोडणारा भाग त्या काळी पोर्तुगिजांचा नव्हता; तो त्यांच्या हाती गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे १६७१ मध्ये कुडाळ सुभा आणि फिरंगी मुलूख एकमेकांना अगदी चिकटून होते. मधे होते ओहोळ, खाड्या आणि जकातीची चौकी.

मीठ पिकवण्याची रीत किनाऱ्यावर सर्वत्र साधारण सारखीच. भरतीचे पाणी बांध घातलेल्या सखल जमिनीत घ्यायचे, वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचे आणि उन्हाळाभर फळ्यांनी ओढून ढीग लावायचे. पहिला पाऊस पडला की हंगाम संपला. या जागेला मिठागर किंवा नुसते आगर म्हणतात. कोकणातील आगरी आणि गोव्यातील मीठगावडे यांची नावेच त्या कामावरून पडली आहेत.

गिऱ्हाईक मात्र होते घाटावर. देशावर समुद्र नाही, आणि मिठावाचून माणसाचे चालत नाही, गुराढोरांचेही नाही. त्यामुळे घाटी उदमी आणि लमाण बैलांचे तांडे घेऊन खाली उतरत. उतरताना धान्य, गूळ, तंबाखू, कापड. चढताना मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी. बैलाच्या पाठीवरचा हा व्यापार पैशा-पैशाचा असे. खाली ज्या बंदरात मीठ दोन पैसे स्वस्त, तांडा तिकडे वळणार. आणि तांडा वळला की तो फक्त मीठ घेत नाही. आणलेला माल तिथेच विकतो, परतीचा इतर मालही तिथेच भरतो.

महाराजांच्या पत्राचा मुद्दा नेमका हा आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून उदमी तिकडे जातात. असेच चालले तर आपल्या मुलखातील मीठ पडून राहील, आपली बंदरे ओस पडतील आणि जकातीचे उत्पन्नही बुडेल. म्हणून संगमेश्वराकडे मीठ ज्या भावाने पडते त्याचा हिशेब धरून बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा चांगलेच महाग पडावे.

या आज्ञेतला हिशेबीपणा पाहण्यासारखा आहे. बारदेशचे मीठ आणू नये, अशी बंदी महाराजांनी घातली नाही. बंदी घातली असती तर मीठ रात्री आले असते आणि चौकीदाराचे घर भरले असते. शेकडा इतकी जकात घ्या, असा ठोक आकडाही सरसुभेदाराच्या हाती दिला नाही. दिला तो निकष: आपल्या मालाचा भाव पाहा, परक्या मालाचा भाव पाहा, आणि मधले अंतर जकातीने उलटे करा. भाव बदलला की जकातही त्या मानाने बदलावी, हे त्यात ओघानेच आले. आजच्या आयातशुल्काच्या शास्त्रात याहून फार वेगळे काही सांगितले जाते असे नाही.

तरी एक सावधगिरी. या पत्रात आजचा राष्ट्रवाद वाचू नये. महाराजांना मीठ पिकवणाऱ्या आगऱ्याची चिंता होती, तशीच स्वतःच्या बंदराच्या जकातीचीही होती, आणि पत्रात दोन्ही गोष्टी उघडपणे शेजारी-शेजारी बसल्या आहेत. शिवाय या जकातीचा भार शेवटी पडणार होता घाटावरच्या खाणाऱ्यावर. त्याचे मीठ महाग होणार होते. संरक्षक जकातीत कोणीतरी वाचतो आणि कोणीतरी भरतो. महाराजांनी वाचवायचा कोण हे ठरवले आणि ते लिहून कळवले. राज्यकर्ता म्हणून त्यांचे मोठेपण मला या स्पष्टपणात दिसते. त्यांना अर्थशास्त्राचा आद्य प्राध्यापक ठरवण्याची गरज वाटत नाही.

संदर्भासाठी एवढे लक्षात ठेवावे, की याच्या चारच वर्षे आधी, १६६७ च्या नोव्हेंबरात, महाराजांच्या फौजेने बारदेशवर स्वारी केली होती आणि त्यानंतर पोर्तुगिजांशी तह झाला होता. तलवारीने जे अर्धवट राहिले ते जकातीने साधावे, असाही या पत्राचा एक अर्थ लावता येतो. तो मी लावतो. पण तो अर्थच आहे, पुरावा नव्हे.

आता जरा आडवळण, कारण ‘जकात’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देशाच्या सीमेवरचा एकच नाका येतो. त्या काळी तसे नव्हते. माल जिथे भरला तिथे ‘थळभरीत’, जिथे उतरला तिथे ‘थळमोड’, आणि मधल्या वाटेवर ज्याचा अंमल त्याची जकात. पेशवाईच्या उत्तरार्धात या जकाती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. दर महालाचा मक्तेदार निराळा, त्याचे दर निराळे, त्याचा शिपाई निराळा. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या बैलाला किती ठिकाणी थांबावे लागे, याची कल्पनाच केलेली बरी.

या कटकटीतून एक धंदा जन्माला आला: हुंडेकरी. व्यापाऱ्याने मुक्कामापर्यंतची एक ठोक रक्कम हुंडेकऱ्याला द्यायची. मग वाटेतल्या सगळ्या जकाती भागवायची, चौकीवर बोलणी करायची, शिपायाची समजूत काढायची जबाबदारी त्याची. मक्तेदारांशी त्याचे आधीच ठरलेले असे, त्यामुळे त्याला ते स्वस्तात पडे आणि व्यापाऱ्याचे बैल चौकीवर अडकून पडत नसत. आज बंदरात परदेशी मालाचे कागद करून देणारे दलाल असतात, त्यांचा हा थेट पूर्वज. हुंडेकरी हे आडनाव आजही महाराष्ट्रात आहे.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. जकात जितकी गुंतागुंतीची, तितकी मध्यस्थाची गरज मोठी. आणि मध्यस्थ एकदा रुळला की ती गुंतागुंत टिकण्यातच त्याचे हित असते. कंपनी सरकारच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही हे कळले होते. चार्ल्स ट्रेव्हेलियन याने १८३४ मध्ये बंगाल इलाख्यातील अंतर्गत जकातींवर अहवाल लिहिला. जकातीने सरकारला मिळते थोडे आणि व्यापाराचे नुकसान होते फार, कारण प्रत्येक चौकी म्हणजे त्रास देऊन पैसे उकळण्याची जागा, असा त्याचा सूर होता. १८३६ पासून बंगालमधल्या वाटेवरच्या जकाती उठू लागल्या आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यातल्याही.

ऐकायला हे फार छान वाटते. परंतु सरकार एक उत्पन्न सोडते तेव्हा दुसऱ्या खिशाकडे आधी पाहून ठेवते. मुंबई इलाख्यात जकाती उठवल्या त्यांची भरपाई म्हणून १८३७ मध्ये मिठावर कर बसला: मणाला आठ आणे. १८४४ मध्ये तो एकदम रुपया केला, तेव्हा सुरतेत मोठा दंगा उसळला आणि सरकारला तो बारा आण्यांवर उतरवावा लागला. पण उतार एवढाच. सत्तावन्नच्या उठावाच्या खर्चाने तिजोरी रिकामी झाल्यावर कर पुन्हा रुपयावर गेला, मग सव्वा, मग दीड, आणि १८६९ मध्ये एक रुपया तेरा आणे.

१८७७-७८ मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो अडीच रुपये झाला. हा आकडा वाचताना मणाचे शेर करून पाहावे. मणाचे चाळीस शेर, अडीच रुपयांचे चाळीस आणे. म्हणजे शेराला एक आणा केवळ कर. मिठागरावर मणभर मिठाची किंमत काही आण्यांत असे. म्हणजे कर मालाच्या किमतीच्या कित्येक पट होता. आणि ज्या शेतमजुराला दिवसभराच्या कष्टाचे जेमतेम काही आणे मिळत, त्यालाही तितकाच कर होता जितका सावकाराला. उलट थोडा अधिकच. पेज आणि भाकरीवर राहणाऱ्याला मीठ जास्त लागते.

आता पुन्हा आपल्या सीमेवर येऊ. एका बाजूला शेराला आणा कर असलेले इंग्रजी मीठ. दुसऱ्या बाजूला, ओढ्यापलीकडे, तो कर नसलेले गोव्याचे मीठ. १६७१ चा प्रश्न दोनशे वर्षांनी जसाच्या तसा उभा राहिला. फरक एवढाच, की शिवाजी महाराजांना स्वतःचे मीठ विकायचे होते आणि इंग्रजांना स्वतःचा कर वाचवायचा होता.

सीमा राखायची तर डोंगर, जंगल आणि खाड्यांचा मुलूख. डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईला चौकीची वाट धरण्याची सक्ती नव्हती. पायवाटा शेकड्यांनी होत्या. आणि मीठ केवळ मीठ म्हणून येई असेही नाही. करमुक्त मिठात खारवलेला बांगडा टोपलीत घालून आणला तर कर कशावर घेणार, माशावर की माशाच्या पोटातल्या मिठावर? पुढे सरकारने किनाऱ्यावर मासे खारवण्याची आवारे उघडली आणि तिथे कोळ्यांना करमुक्त मीठ देण्याची सोय केली, त्यामागे ही अडचण होती. म्हणजे कराने धंदा मोडू लागला, मग तो जगवायला कराला कुंपण घालून एक भोक ठेवावे लागले.

कुंपणावरून आठवले. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात इंग्रजांनी मिठाची चोरटी वाहतूक अडवण्यासाठी खरोखरचे कुंपण उभारले होते. सिंधूकाठापासून बुऱ्हाणपूरच्या बाजूने महानदीच्या खोऱ्याकडे जाणारी ही जकातरेषा सुमारे तेवीसशे मैलांची होती. तिचा बराच भाग काटेरी झाडांच्या दाट, उंच कुंपणाचा होता आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसे पहारा करीत. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचा आयुक्त होता अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच, पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा. या कुंपणावर स्वतंत्र धागा होईल, म्हणून इथे थांबतो.

ते कुंपण १८७९ मध्ये मोडले. दयेने नव्हे, हिशेबाने. सरकारने सांभर सरोवरासारखी संस्थानांतली मिठाची ठिकाणे भाड्याने वा कराराने आपल्या ताब्यात घेतली आणि कर मीठ निघते तिथेच वसूल करायला सुरुवात केली. उगमावरच कर भरला गेला की मग मीठ कुठेही जावो, वाटेवर पहारा कशाला? इलाख्या-इलाख्यांतले दर जवळ आणले ते याचसाठी. कारण दोन शेजारी मुलखांत दराचा फरक असला की चोरटी वाट आपोआप पडते.

या नव्या व्यवस्थेत पश्चिम किनाऱ्यावर एकच मोठे छिद्र उरले होते: गोवा. आणि ते बुजवायला इंग्रजांनी जो मार्ग काढला तो संस्थानांचाच होता. मिठागरेच ताब्यात घ्या. गोवा संस्थान नव्हते, एका सार्वभौम राज्याची वसाहत होती, त्यामुळे त्याला तह म्हणायचे एवढेच.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात हा तह झाला, आणि १५ जानेवारी १८८० पासून तो अमलात आला. मुदत बारा वर्षे. त्याने ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यात जकातीची एकी झाली: दोघांच्या मधली जमिनीवरची जकात उठली आणि परदेशी मालावर दोन्हीकडे एकच दर लागू झाला. मुरगाव बंदर बांधायचे आणि तिथून घाटावर रेल्वे न्यायची हेही ठरले. आणि गोव्यात मीठ कोणी, कुठे, किती पिकवायचे, यावरचा अधिकार इंग्रज सरकारकडे गेला. त्या बदल्यात पोर्तुगिजांना दरसाल चार लाख रुपये.

कागदावर हा सौदा वाईट दिसत नाही. दोन देशांमधल्या चौक्या उठल्या, व्यापार मोकळा झाला, बंदर आले, रेल्वे आली, वर रोख रक्कम. लिस्बनमध्ये बसून पाहणाऱ्याला तो फायद्याचाच वाटला असावा. मीठगावड्याच्या वाफ्यावर उभे राहून पाहिले की चित्र बदलते.

इंग्रजांच्या मीठखात्याची माणसे गोव्यात आली. खात्याच्या दृष्टीने मिठागर म्हणजे पहारा ठेवण्याची जागा. मोठ्या आगराला एक चौकी पुरते. दहा लहान आगरांना दहा चौक्या लागतात. म्हणून लहान आणि विखुरलेली आगरे बंद करण्यात आली. मालकांना भरपाई मिळाली, पण आगरात राबणारा मालक नसे. त्याच्याकडे विकण्याजोगे होते ते फक्त उन्हाळ्याचे चार महिने आणि मीठ ओढण्याचे कसब. आणि त्या कसबाला गिऱ्हाईक आता एकच उरले होते, सरकारने मान्यता दिलेले आगर.

जे मीठ निघे ते वजन करून, कर भरून, परवाना घेऊनच हलवता येई. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला, ज्याच्या दारात भरतीचे पाणी येते आणि खडकावर वाळून आपोआप मीठ होते, त्याला आता मिठाचा जो भाव पडू लागला तो मध्य हिंदुस्थानातल्या माणसाच्या भावाशी बरोबरी करणारा होता. कोळ्यांना त्याचा फटका दुहेरी. ताजी मासळी टिकत नाही, आणि खारवायला मीठ परवडत नाही.

ताडी-माडीचेही तेच. तहाने गोव्यातील दारूवरचा करही शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यांच्या मानाने वाढवला. गोव्याच्या गावगाड्यात माड हा अर्ध्या संसाराचा आधार. मीठ, मासळी आणि माड या तिन्हींवर एकाच वेळी हात पडला. त्याच काळात मुंबईची वाट धरणाऱ्या गोवेकरांची संख्या वाढत गेली. स्थलांतर त्याआधीही होते आणि त्याची कारणे इतरही होती, त्यामुळे सगळे खापर मिठावर फोडणे बरोबर होणार नाही. पण घर सोडण्याच्या हिशेबात मिठाचा एक खडा नक्की पडला.

आणि ते चार लाख? रेल्वे बांधणाऱ्या विलायती कंपनीच्या भांडवलावर पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी घेतली होती, आणि मिठाच्या मोबदल्याची रक्कम त्या हमीला जोडली गेली. गोव्याचे मीठ गेले, त्याचे पैसे आगगाडीत बसून परत विलायतेला निघाले, असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही. गाडी मात्र खरोखर देखणी होती. मुरगावहून निघून, दूधसागरच्या धबधब्याजवळून घाट चढत, १८८८ च्या सुमारास ती कॅसलरॉकला पोहोचली.

आणखी एक अनपेक्षित घाव बसला १८८२ मध्ये. हिंदुस्थान सरकारने मँचेस्टरच्या गिरण्यांच्या दबावाखाली आणि खुल्या व्यापाराच्या तत्त्वाच्या नावाखाली परदेशी मालावरची बहुतेक सर्व आयातजकात रद्द केली. मीठ, दारू, हत्यारे असे थोडेच अपवाद. दोन्हीकडे एकच दर ठरलेला. मग गोव्याचीही जकात गेली. गोव्याला हे करा अथवा करू नका, असे विचारण्याचे कारणच नव्हते. जकातीच्या एकीत लहान भागीदाराची ही नेहमीची गत असते: दर ठरवतो मोठा, उत्पन्न बुडते दोघांचे, आणि मोठ्याला ते सोसते. त्याच साली मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला, तेवढाच दिलासा. १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच झाला.

या खात्यातली एक व्यक्ती मात्र मला नेहमी मोहात पाडते. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ‘एहा’ या टोपणनावाने लिहिणारा निसर्गलेखक. नोकरी मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात. खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी आणि गोव्याची सरहद्द अशा ठिकाणी त्याने दिवस काढले. मिठाच्या चोरट्या वाटांवर नजर ठेवण्याच्या सरकारी फेऱ्यांत त्याने पाखरे, फुलपाखरे, मुंग्या आणि बेडूक पाहिले आणि त्यांच्यावर पुस्तके लिहिली. त्यांतल्या एकाच्या नावातच ‘सरहद्द’ आहे, आणि तिथली टोळी म्हणजे बंगल्यात शिरणारे उंदीर, पाली आणि कावळे. डासाच्या एका जातीला त्याचे नाव दिले गेले आहे. मीठखात्याने कोकणाला दिलेली आनंदाची गोष्ट शोधायची तर ही एवढीच सापडते.

१८९२ च्या जानेवारीत तहाची मुदत संपली. नव्या अटींवर एकमत झाले नाही आणि तो वाढवला गेला नाही. सीमेवरच्या चौक्या परत आल्या. रेल्वेच्या एका अंगाला कुळे, तिथे पोर्तुगिजांची तपासणी. दुसऱ्या अंगाला कॅसलरॉक, तिथे इंग्रजांची. एकाच गाडीतल्या एकाच प्रवाशाची ट्रंक काही मैलांच्या अंतरात दोनदा उघडू लागली. मिठागरे पुन्हा गोव्याच्या ताब्यात आली, परंतु बारा वर्षे बांध न घातलेले आगर म्हणजे पुन्हा चिखलच; आणि घाटावरची बाजारपेठ तोवर दुसऱ्या मिठाने व्यापली होती.

या सीमेपासून हाकेच्या अंतरावर, वेंगुर्ल्याजवळ, शिरोडे गाव आहे. तिथेही मिठागरे. मराठी वाचकाला ते वि. स. खांडेकरांचे गाव म्हणून माहीत असते. ते तिथे शिक्षक होते. १९३० च्या मे महिन्यात त्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातल्या ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी तिथे मीठ उचलले आणि मार खाल्ला. दांडीची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, शिरोड्याची कमी जणांना. बारदेशच्या मिठापासून सुरू झालेला हा धागा तिथून जाणे मला आवश्यक वाटले, कारण शिरोडे ते तेरेखोल हे अंतर चालत जाण्याजोगे आहे.

मिठावरचा कर अखेर १ एप्रिल १९४७ पासून रद्द झाला. इंग्रज निघून गेले, पण गोव्याभोवतीची जकातरेषा राहिली. उलट ती अधिक कडक झाली. जमिनीवरच्या परक्या सरहद्दींसाठी १९२४ मध्ये केलेला कायदा हाताशी होताच. आता ओघ मात्र मिठाचा नव्हता. गोव्याच्या लोहखनिजाला जपान आणि जर्मनीत गिऱ्हाईक मिळाले, त्या पैशांवर गोव्यात परदेशी माल मुबलक येऊ लागला, आणि तिथली जकात हलकी. अलीकडे आयातीवर कडक बंधने आणि भारी जकात. परिणाम व्हायचा तोच झाला. सोने, मनगटी घड्याळे, फाउंटन पेन, नायलॉन, विलायती मद्य यांनी जुन्या मिठाच्या वाटा धरल्या.

१९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली, आगगाडी थांबली, गोव्यातील आपली कचेरी बंद केली. सर्वांत मोठा त्रास झाला तो दोन्हीकडे नातीगोती असलेल्या साध्या माणसांना. सावंतवाडीत माहेर आणि पेडण्यात सासर असलेल्या बाईला लुगडे-चोळीचे गाठोडेही परदेशी माल म्हणून सोडून दाखवावे लागे. चोरट्या व्यापाऱ्याचे फारसे अडत नव्हते. हुंडेकरी प्रत्येक काळात असतोच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही जकातरेषा पुसली गेली. बारदेशात हडफडे, नेरुल या बाजूला आणि पेडण्यात आगरवाड्याला थोडी मिठागरे अजून उभी आहेत. उन्हाळ्यात रस्त्याकडेला जाड, करड्या मिठाच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या दिसतात. कुळे स्थानकात गाड्या आजही थांबतात. ट्रंका आता कोणी उघडत नाही. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिन जोडायचे असते.